आधी फूल, मग पान

वसंत म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवळ येते. सह्याद्रीत तो कोरड्या अंगानं येतो. फाल्गुनात कसाऱ्याच्या पुढे, जव्हारकडे किंवा भीमाशंकरच्या पायथ्याला जावं तर डोंगर तपकिरी, गवत वाळून आडवं झालेलं, ओढ्यांत नुसते गोटे. आणि अशा उघड्याबोडक्या रानात अंगावर पान नसलेली झाडं फुलांनी लगडलेली. काटेसावर, पळस, पांगारा, सोनसावर. पंचांग वसंताला चैत्र-वैशाख देतं. झाडं तेवढी वाट पाहत नाहीत. माघ सरत आला की त्यांची लगबग सुरू होते.

याला कारण आहे. पान म्हणजे झाडाच्या लेखी पाण्याचा खर्च. जमिनीतली ओल खोल गेली की ही झाडं पानं टाकून तो खर्च थांबवतात. फांद्या मोकळ्या झाल्या की फुलं दुरूनही दिसतात, आणि ज्यांना ती दिसायला हवीत ते पाहुणे पंखांवरून येतात. सकाळच्या वेळी बहरलेल्या पळसाखाली उभं राहावं. मैना, बुलबुल, भोरड्या, शिंजीर यांचा एवढा गलका असतो की शेजारच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. या लाल-केशरी फुलांना वास जवळजवळ नसतो, मध मात्र भरपूर. पक्ष्यांना बोलवायला रंग पुरतो.

रानातलं खाणं म्हणजे पावसाळ्यातलं, असा आपला समज झाला आहे. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली ही नावं आता शहरातही माहीत झाली आहेत. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तेही ऑगस्टमध्ये. त्यामुळे वसंतातलं रान उपाशी आहे असं वाटतं. ते तसं नाही, हे मला वेचणाऱ्या बायकांबरोबर फिरताना कळलं. पुढे वनस्पती ओळखायला टेकड्या चढणाऱ्यांबरोबर चालले, भिंतीवर रान उतरवणाऱ्यांपाशी बसले. तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: झाड बघून कळत नाही, त्याच्याशी हातांनी काहीतरी करावं लागतं. वेचावं, सोलावं, उकडावं, रंग काढावा, चित्र काढावं. नुसतं बघणाऱ्याला पळस ‘सुंदर’ दिसतो आणि तेवढ्यावर त्याची ओळख संपते.

मोहापासून सुरुवात करणं भाग आहे, कारण वसंतातल्या रानाचा तो मालक आहे.

मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून गळायला लागतं. मार्च-एप्रिलमध्ये जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. रात्री वटवाघळं झाडावर येऊन गेलेली असतात. उशीर झाला तर गुरं आणि वानरं आधी पोचतात, ऊन चढलं की फूल मऊ पडतं आणि मुंग्या लागतात. कुठलं झाड कुणी वेचायचं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. ते कागदावर कुठे नसतं, पण मोडलंही जात नाही.

फूल हातात घेतलं तर आधी ते फूल आहे हेच पटत नाही. सुट्या पाकळ्या नाहीत. साईच्या रंगाचा, मांसल, आतून पोकळ असा गोळा, करंगळीच्या पेराएवढा. तोंडाशी बारीक दातेरी कड, आत चिकटलेले पुंकेसर. दाबलं तर बोटं चिकट होतात. वास गोड आणि जड, डोक्यात चढणारा. मग मान वर करून झाडाकडे बघायचं. तपकिरी, लवदार पेले फांदीलाच राहिलेले असतात आणि प्रत्येकातून एकेक लांब काडी बाहेर आलेली दिसते. ती स्त्रीकेसराची. म्हणजे गळून पडतो तो फक्त मांसल भाग. फळ जिथे धरणार ते सगळं वरच राहतं. वेचणाऱ्यानं टोपल्यांवर टोपल्या भरल्या तरी त्या वेचण्यानं झाडाचं एक फळही कमी होत नाही. जगात इतकं निर्धोक वेचणं फार थोड्या वनस्पतींच्या बाबतीत शक्य आहे, आणि ते आपल्या दाराशी आहे.

मी दिसेल ते उचलत होते. शेजारी वेचणारी बाई, पन्नाशीपुढची, बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “तांबूस झालेली टाकून दे ताई. ती कालची. ताज्यात मिसळली तर सगळी आंबतात.” मी टोपली उपडी केली आणि पुन्हा निवडायला बसले. तिचे हात तेवढ्यात माझ्या दुप्पट वेचून मोकळे झाले होते, आणि तिची नजर फुलांवर नव्हतीच. ती पोराला हाका मारत होती, शेजारणीशी बोलत होती, बोटं आपसूक ताजं तेवढं उचलत होती.

वेचलेली फुलं अंगणात पसरतात. दोन-चार दिवसांच्या कडक उन्हात ती आधी पिवळट, मग तांबडी, मग तपकिरी होतात आणि मनुकांसारखी सुरकुततात. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. नीट सुकवलेलं मोहफूल वर्षभर टिकतं आणि म्हणूनच ते एवढी वर्षं आदिवासी घरांतलं हुकमी धान्य होतं. भाजून, चोळून आतले केसर काढून टाकतात. मग तिळाबरोबर कुटून लाडू करतात, पिठात मळून भाकऱ्या थापतात. ताज्या भाजलेल्या मोहाचा आणि तिळाचा लाडू मी तिथेच पहिल्यांदा खाल्ला. चव गुळाची, पण गुळाला नसते अशी एक फळासारखी आंबूस किनार तिला होती. पुढे ज्येष्ठात फळं येतात आणि बियांचं तेल निघतं, थंडीत थिजणारं. ते खायला, दिव्याला, अंगाला, सगळ्याला चालतं.

बाहेरच्या माणसाला मात्र मोह म्हटलं की दारू तेवढी आठवते, आणि सरकारांनाही तेवढीच आठवत आली. ब्रिटिशांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा केला आणि फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर निर्बंध आणले. सरकारी भट्ट्यांच्या दारूला गिऱ्हाईक हवं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलं नाव घेऊन आली. महाराष्ट्रात हे निर्बंध २०२१ मध्ये सैल झाले. मधल्या काळात भुकेच्या दिवसांत पोट भरणारं फूल घरात ठेवणाऱ्याला गुन्हेगारासारखं वागवलं गेलं. मोहाचे लाडू आता शहरातल्या प्रदर्शनांत आकर्षक डब्यांत विकायला येतात, ते बघून मला आनंद होतो. पण त्या डब्यावर हा इतिहास कुठेच नसतो याचं वाईट वाटतं.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर गावकऱ्यांचा हक्क लिखित झाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. हक्क हातात आला की जंगल राखायचं कारणही हातात येतं, हे तिथे दिसलं. मोहाबाबत राखण्याचा प्रश्न आगीचा आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि वाऱ्याच्या एका झोतानं ती आग डोंगर चढते. त्यात मोहाची कोवळी रोपंही जातात. मोठी झाडं दिसतात, पण त्यांच्या खाली पोरवयाची झाडं दिसत नाहीत. झाडून घेणं किंवा खाली जाळी अंथरणं हा उपाय सोपा आहे. जिथे जाळी आली तिथे फुलांना मातीही लागत नाही आणि भाव बरा मिळतो.

मोहाखेरीजही वसंतातलं रान खाऊ घालतं, फक्त थोडं थोडं आणि वेगवेगळ्या दिवशी. फाल्गुनात वायवर्ण्याला कोवळी तिपानी पालवी येते. ती उकडून, पाणी पिळून, कांद्यावर परततात. कुड्याची पांढरी फुलंही अशीच उकडून घ्यायची, वर डाळीचं पीठ पेरायचं. कडवटपणा थोडा राहतो आणि राहायलाच हवा. बहाव्याच्या पिवळ्या पाकळ्यांची भाजी होते. भोकराच्या हिरव्या फळांचं लोणचं घालतात, पण त्याची बी काढणं हे मोठं काम आहे. फळ ठेचलं की आतून असा चिकट गर येतो की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. मीठ लावलेल्या काडीनं बी टोकरून काढायची युक्ती ज्यांच्या घरी आहे त्यांनीच हे लोणचं घालावं. वळवाच्या सरी पडल्या की कोरलाची आपट्यासारखी दुभंगलेली कोवळी पानं बाजारात येतात. करवंदं, तोरणं, आळू, टेंभुर्णं, चारं ही पोराटोरांची मिळकत. धायटीच्या लाल फुलांच्या नळ्या चोखत ती शाळेत जातात. हीच धायटी आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला वापरतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं चिंच, गूळ, जिरं, हिंग घालून वाटतो. शहरातल्या बहुतेक घरांत वर्षातून एकदा होणारं झाडावरचं वेचणं आता एवढंच उरलं आहे.

वाघाट्याची वेल मला यात सगळ्यात लोभस वाटते. काट्याकुट्यात चढलेली, माघ-फाल्गुनात पांढरी फुलं येतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी-लाल होतात, म्हणून एकाच वेलीवर दोन रंग दिसतात. तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. आषाढी एकादशीचा उपास सोडायला मात्र द्वादशीला वाघाट्याचीच भाजी लागते आणि त्या दिवशी बाजारात ती सोन्याच्या भावानं विकली जाते. फुलं पाहिलेला माणूस ती आषाढात कुठे मिळेल हे आधीच जाणून असतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर फाल्गुनातल्या रविवारी सकाळी वनस्पती बघायला निघणारे गट असतात. मी ज्यांच्याबरोबर गेले ते निवृत्त शिक्षक होते, हातात भिंग आणि कापडी पिशवी. त्यांची पहिली सूचना अशी की फोटो शेवटी काढायचे. आधी खोड, मग फांदी, मग पानं असतील तर पानं, नसतील तर पानाच्या गळलेल्या देठाची खूण, मग फूल. पहिल्या झाडापाशीच आम्ही बराच वेळ अडकलो. ते मोई होतं, सगळ्यांनी आजवर वाळलेलं समजून ओलांडलेलं. उघड्या फांद्यांच्या टोकांना हिरवट-पिवळ्या बारीक फुलांचे घोस होते. भिंगातून बघितल्यावर कळलं की त्यातली सगळी फुलं नर आहेत. मोईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मादी झाड शोधायला गट पसरला, आणि ते मिळालं तेव्हा साठीच्या बायका लहान मुलींसारख्या ओरडल्या.

त्याच टेकडीवर ग्लिरिसिडिया आहे, वनखात्यानं लावलेला, मूळ मध्य अमेरिकेचा. तो फिकट गुलाबी फुलतो आणि त्याच्यापाशी लोक चेरी ब्लॉसम म्हणून फोटो काढून घेतात. मराठीत त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याची बी आणि साल उंदरांना विषारी. चार पावलांवर उभ्या असलेल्या सालईला कुणी विचारत नाही, जिच्या डिंकाचा धूप आपल्या देवघरांत जळतो. मी ग्लिरिसिडियावर राग काढत नाही. उजाड टेकडी झाकायला तो लावला आणि त्यानं ती झाकली. पण गुलाबी फुलांपाशी थांबणाऱ्या माणसाला सालईपर्यंत नेणारं कुणी तरी हवं, आणि अशा फेऱ्यांचं खरं काम तेवढंच आहे.

खाण्यासाठी झाड ओळखायचं तर ही शिस्त जिवावरची असते. कोकणातल्या रानात काजरा असतो, ज्याला कुचलाही म्हणतात. त्याची फळं गोल, गुळगुळीत, पिकल्यावर संत्र्याच्या रंगाची, मूल हात घालणार अशीच. आतल्या चपट्या बियांत स्ट्रिक्नीन असतं. पक्षी फळ खातो म्हणून आपणही खावं असा नियम नाही. काजऱ्याचा गर धनेश खातो. लालचुटूक गुंजा, कळलावीचा कंद, धोतरा हे सगळे याच रानातले. कडू कंद खातात, पण चिरून, राखेत घोळून, वाहत्या पाण्यात ठेवून, आणि ते करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली असतात. म्हणून माझं मत ठाम आहे: पुस्तकावरून किंवा मोबाईलमधल्या चित्रावरून ओळखलेली वनस्पती तोंडात घालू नये. जिनं ती रांधून आपल्या लेकरांना वाढली आहे अशा बाईनं हातात दिली तरच खावी. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तर तोडण्याला कायद्यानंच बंदी आहे.

एकाच नावाची दोन झाडं हा आणखी एक घोळ. पांढरा कुडा आणि काळा कुडा दोन्ही पांढरं फुलतात, दोघांच्याही पानातून चीक येतो, दोघांनाही लांब बारीक शेंगा. काळ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं येतात आणि बराच काळ टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या राहतात. पांढऱ्याच्या मोकळ्या लोंबतात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात असे भेद बारकाईनं लिहिले आहेत आणि अजूनही अभ्यासक ती उघडतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वर्तमानपत्रांच्या घडीत वाळवलेले, कागदावर चिकटवलेले असे हजारो नमुने आहेत. तो कागद हातात धरला की शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी कुठल्या तरी घाटात वाकून ही फांदी घेतली होती हे जाणवतं, आणि तिच्यावरचं गावाचं नाव वाचून आपण तिथे जाऊ शकतो. काही ठिकाणी झाड उरलेलं नसतं.

वेचणं आणि ओळखणं यांच्या मधे रंग आहे. पळसाचा रंग घरी करून बघितलाच पाहिजे, कारण त्या निमित्तानं फूल मोडावं लागतं. झाडाखाली पडलेली फुलं पुरतात. एक घ्यायचं आणि उघडायचं. काळपट तपकिरी, मखमली पेला. त्यातून पाच पाकळ्या, एक रुंद मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन जुळून चोचीसारखी वाकलेली नाव. त्या नावेत केसर लपलेले. पाकळीच्या पाठीवर चंदेरी लव असते, म्हणून उन्हात पळस नुसता केशरी न दिसता चकाकतो. हे सगळं चार फूट अंतरावरून दिसत नाही.

पाकळ्या सावलीत सुकवायच्या. मूठभर सुक्या पाकळ्या तांब्याभर पाण्यात उकळल्या की पाणी पिवळं होतं, रात्रभर राहू दिलं की नारिंगी. त्यात चिमूटभर चुना टाकला तर डोळ्यांदेखत रंग गडद होऊन शेंदरीकडे झुकतो. तुरटी घातलेल्या पाण्यात आधी भिजवलेल्या सुती कापडावर तो चांगला धरतो. होळीच्या रंगांसाठी हेच करत आले आहेत लोक. शाळेतल्या मुलांबरोबर मी हे केलं तेव्हा चुन्याच्या क्षणी वर्ग गप्प झाला आणि मग सगळ्यांना चुना टाकायचा होता. उरलेल्या पाण्यात ब्रश बुडवून त्यांनी पळसाच्याच रंगानं पळस काढला. एका मुलीनं पाकळ्या मोजून पाच काढल्या आणि शेजारच्याला म्हणाली, “तुझ्या चार झाल्यात.” चित्रानं व्हायला हवं ते एवढं तरी झालं होतं.

वसंतात अंगण रंगवायची आपली रीत जुनी आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत रोज सकाळी दारात चैत्रांगण रेखतात: मधे पाळण्यातली गौर, सभोवार सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, नाग, हत्ती, कमळ, तुळशीवृंदावन. एका चौकटीत सारी सृष्टी. आत कैरीची डाळ आणि पन्हं, बाहेर हे. फ्लॅटच्या दारासमोरच्या फरशीवर जागा हातभर असते, तरी काही बायका तेवढ्यात सगळी चिन्हं बसवतात. त्यांच्याकडून हे शिकून घ्यायला हवं, आणि शिकताना एखादं परिसरातलं झाड त्यात आलं तर गौर रागावणार नाही असं मला मनापासून वाटतं.

डहाणू-तलासरीकडे वसंत म्हणजे लग्नसराई. शेतं रिकामी, हाताला थोडी उसंत. वारली घरांत लग्नाआधी आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. तो सवाशिणींनी लिहायचा. कुडाची भिंत शेणामातीनं सारवलेली, वर गेरू. तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी, वनस्पतींची आणि सुफलतेची. तिच्याभोवती झाडं, पाखरं, माणसं. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाते आणि लग्न लागतं. चौकाशिवाय लग्न नाही.

ही बायकांची, काही दिवसांनी पुसून जाणारी चित्रं १९७० च्या दशकात कागदावर आली. गंजाडकडचे जिव्या सोमा मशे विधीबाहेर रोज चित्रं काढू लागले, पुढे त्यांची चित्रं जगभर गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी शहरात जी वारली दिसते ती बहुतेक वेळा त्रिकोणी माणसांच्या फेर धरलेल्या नाचाची. तिच्यातली झाडं कुणी बघत नाही, आणि मला तर झाडंच सगळ्यात थोर वाटतात. डहाणूकडच्या एका घरात एक तरुण चित्रकार झाड काढत होता. मी विचारलं, “दादा, हे कुठलं?” त्यानं मान वर न करता सांगितलं, “पळस. पानं बघा ना.” प्रत्येक देठाला तीन पानं होती. शेजारच्या झाडाची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यानं होती, तो मोह. त्यापलीकडे ताड, शेंड्याला मडकी बांधलेला. चार रेषांत झाड बसवायचं तर त्यातली नेमकी कुठली खूण ठेवायची हे ज्याला कळतं, त्याला रानातही ते झाड कुठल्याही ऋतूत सापडतं.

शहरातल्या माणसाच्या वेचण्याबद्दल एक बोलायलाच हवं. वसंत संपता संपता शेवळं येतात, पहिल्या सरींच्या अलीकडे-पलीकडे. सुरणाच्या जातीतल्या या रानकंदाचा तो फुलोरा असतो, पानाआधी जमिनीतून वर आलेला. ठाण्याच्या, पनवेलच्या, दादरच्या बाजारात आदिवासी बायका त्याच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळं ठेवतात, कारण शेवळात घसा खाजवणारे स्फटिक असतात आणि काकडानं ती खाज मरते. आतला पिवळा भाग काढून टाकतात. फुलोरा तोडला की त्या वर्षीचं बी गेलं. मोहासारखी इथे सवलत नाही. गावातली बाई एका जागेवरचे सगळे कोंब उपटत नाही, पुढच्या वर्षी तिलाच तिथे यायचं असतं. ज्याला पुढच्या वर्षी परत यायचं नाही अशा पर्यटकानं पिशव्या भरल्या तर त्या जागी काही उरत नाही. म्हणून मी स्वतः रानातून चाखण्यापुरतं घेते आणि भाजी बाजारात, तिच्याकडून, भाव न करता. आणि घेताना विचारते कशी करायची. त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात जे मिळतं ते कुठल्याही सूचीत नाही: किती उकडायचं, पाणी टाकायचं की ठेवायचं, कुणी खाऊ नये.

पळस फुलायच्या तीन-चार महिने आधी, कार्तिकात, तयारीला लागावं.  फाल्गुनात झाडं निष्पर्ण होतात आणि तेव्हा नवख्याला एक खोड दुसऱ्यासारखं दिसतं. कार्तिकात पानं अंगावर असतात. जवळच्या माळावर किंवा टेकडीवर जावं. तीन जाडसर पानं, मधलं मोठं, पाठीला लव: पळस. तशीच तीन पानं, पण पातळ, आणि फांद्यांवर काटे: पांगारा. हाताच्या पंजासारखी पाच-सात पानं आणि खोडावर शंकूसारखे काटे: काटेसावर. पानं फांदीच्या टोकाला झुबक्यानं आणि तोडल्यावर पांढरा चीक: मोह. जोडीजोडीनं पर्णिका आणि टोकाला एकटी पर्णिका नाही: बहुधा कुसुंब, ज्याची चैत्रपालवी लाल येते आणि दुरून फुलंच वाटते. झाडाला खिळा ठोकू नये, रंग लावू नये. वहीत गावाचं नाव लिहावं, झाड ओढ्याच्या कुठल्या अंगाला आहे ते लिहावं, आणि तिथल्या गुराख्यानं किंवा शेतकऱ्यानं त्याला काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहावं. माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सुट्टीला त्याच झाडापाशी जावं, सकाळी आठच्या आत. नंतर पक्षी पांगतात.